धंदा करायचाय पण आयडियाच सुचत नाही, तुम्ही लोकांनी कशी शोधली?

विचारात_पडलेला

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. नोकरी चालू आहे, ठीकठाक आहे, पण स्वतःचं काहीतरी छोटं सुरू करावं असं डोक्यात बसलंय आणि आता ते काही केल्या निघत नाही. अडचण एकच, नक्की काय करायचं तेच ठरत नाही. 'घरबसल्या करता येणारे उद्योग' टाइपचे व्हिडिओ बघून बघून डोकं आऊट झालंय, टीशर्ट प्रिंटिंग म्हणा, मेणबत्त्या म्हणा, ड्रॉपशिपिंग (माल स्वतः न ठेवता ऑनलाइन विकायचा) म्हणा, बघताना वाटतं अरे हे जमेल आपल्याला आणि दुसऱ्या दिवशी वाटतं हे तर सगळेच करतायत, आपल्याकडून कोण घेणार. बायको म्हणते आधी एक काहीतरी ठरव मग बोल. भांडवल फार नाही, नोकरी लगेच सोडणार नाही, संध्याकाळचे दोन तीन तास आणि सुट्टीचा दिवस एवढंच हातात आहे. ज्यांनी खरंच काही सुरू केलंय त्यांना विचारतोय, आयडिया आली कुठून? बसून विचार करून सुचली का? आणि ती चालेल हे पैसे घालायच्या आधी कसं कळलं?

खडूस_काका

ते व्हिडिओ आधी बंद करा. त्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा म्हणजे तुम्हाला व्हिडिओ दाखवणं हाच असतो. ज्या यादीत तुम्हाला मेणबत्त्या दिसल्या त्याच यादीत तुमच्यासारख्या हजारो जणांना मेणबत्त्या दिसल्यात आणि सगळे एकाच वेळी मेण आणायला निघालेत.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण यादी बघणारा माणूस फिरून फिरून तिथेच येतो. 'आमचं मशीन घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल पण आम्हीच परत विकत घेतो' असं कोणी म्हणालं की हात जोडून बाहेर पडा. माल विकून खरंच एवढा पैसा मिळत असता तर त्यांनीच दहा मशीन लावून माणसं ठेवली असती, मशीन तुम्हाला कशाला विकलं असतं. मशीन विकलं की त्यांची कमाई झाली, मग तुमचा माल 'क्वालिटीत बसत नाही' म्हणून परत येतो, आणि करारात ते कलम असतंच, फक्त वाचलेलं नसतं कोणी.

बाकी तुम्ही काय नोकरी करता ते लिहिलंच नाहीत. एवढी मोठी पोस्ट आणि कामाचं तेवढंच गाळलंत.

सुईदोरा

मला आयडिया 'सुचली' वगैरे नाही हो, लोकांनीच आणून दिली. मी कपडे शिवते. सुरुवातीला नवीन कपडे शिवून देईन असं ठरवलं होतं, त्याला फारसं कोणी यायचं नाही, पण येताजाता जो तो विचारायचा की जरा ही पँट खालून कमी करून देशील का, ही चेन बदलून मिळेल का, जॅकेट खांद्यात मोठं होतंय. मोठे टेलर ही कामं घेत नाहीत किंवा पंधरा दिवसांनी या म्हणतात, कारण पाच मिनिटांच्या कामासाठी त्यांना मशीनचा दोरा बदलावा लागतो, पुढचं काम थांबतं, पैसे किती सांगायचे तेही कळत नाही. मी फक्त अल्टरेशनच घ्यायला लागले आणि एका रंगाचे सगळे कपडे एकत्र काढून बसते म्हणजे दोरा सारखा बदलावा लागत नाही. एवढंच. यात नवीन काय आहे सांगा? काहीच नाही.

आमच्याच लाइनमधला एक किस्सा मला फार आवडतो. अमेरिकेत नेवाडामधल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, तंबू, गाड्यांवरची आच्छादनं, घोड्यांच्या झुली असलं जाडभरडं शिवायचा. एका लाकूडतोड्याची बायको आली, म्हणाली नवऱ्याची पँट टिकतच नाही, काहीतरी मजबूत शिवून दे. घोड्याच्या झुलीला पट्टे ठोकायचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायच्या छोट्या खिळ्या, त्याच्याकडे पडलेलेच होते, ते त्याने खिशाच्या कोपऱ्यांना ठोकून दिले, कारण पँट फाटायला सुरुवात तिथूनच होते. मग ती पँट बघून दुसरे कामगार आले, तिसरे आले. मागणी हाताबाहेर जायला लागली तेव्हा ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला त्याने पत्र लिहिलं की पेटंट आपण मिळून घेऊ, ते १८७३ साली मिळालं. आज जगभर घालतात ती जीन्स ती हीच. त्या माणसाने बसून आयडिया शोधली नव्हती, एक बाई तक्रार घेऊन आली आणि त्याच्याकडे योगायोगाने दुसऱ्याच कामाचे रिव्हेट होते. त्यामुळे काका म्हणतायत ते बरोबर, तुमच्याकडे काय पडलंय ते सांगा.

भटक्या

मला वाटतं एवढं गुंतागुंतीचं करायची गरज नाही, जे मनापासून आवडतं ते करा, आवड असली की माणूस टिकतो. पैसा मागून येतो.

खडूस_काका

भटक्या, तुम्हाला भटकायला आवडतं, त्याचे पैसे कोण देतं?

आवड असावी, मान्य, पण गिऱ्हाइकाला तुमच्या आवडीशी देणंघेणं नसतं. आणि आवडीचं काम धंदा झालं की त्यातला आवडीचा भाग दिवसातला थोडासा उरतो, बाकी वेळ फोन, बिलं, उधारी मागणं, 'कधी मिळेल' याला उत्तरं देणं. मला विचाराल तर आवडीपेक्षा हे बघा की कुठल्या कामाचा तुम्हाला कंटाळा येत नाही आणि बाकीच्यांना येतो. इलेक्ट्रिशियन, नळवाला, सुतार, कोणालाही फोन करून बघा, निम्मे उचलत नाहीत, उरलेले उद्या येतो म्हणून येत नाहीत. नवीन काही न शोधता नुसता फोन उचलून सांगितलेल्या वेळी जाणारा माणूस सुद्धा पोट भरतो. लोक 'अजून कोणी करत नाही' अशी गोष्ट शोधत बसतात. कोणीच करत नसेल तर बऱ्याचदा कारण एवढंच असतं की त्याला कोणी पैसे देत नाही.

हिशोबी

आयडिया कुठूनही येऊ दे, मी फक्त चाळणी सांगतो.

पैसे कोण देणार, हे पहिलं. 'सगळेच' हे उत्तर बाद, ज्याचा फोन नंबर तुम्ही आत्ता काढू शकता असा माणूस सांगा. मग तोच माणूस परत कधी येणार ते बघा, कारण आयुष्यात एकदाच लागणारी गोष्ट विकायची तर दर वेळी नवा माणूस शोधावा लागतो आणि शोधण्यातच सगळा वेळ जातो, उलट जी गोष्ट दर आठवड्याला संपते किंवा बिघडते तिथे पहिली दहा गिऱ्हाइकं नीट सांभाळली तरी चाक फिरतं.

आता तुमच्या तासांचा हिशोब. रोज संध्याकाळी ३ तास धरले, पाच दिवसांचे १५, सुट्टीचे ८, झाले २३. यातला साधारण तिसरा हिस्सा सामान आणणं, फोन, पोचवणं यात जातो, म्हणजे खरं काम १५ तासांचं. एका ऑर्डरला दीड तास लागत असेल तर आठवड्याला १० ऑर्डर, संपलं. याच्या वर तुम्ही झोप सोडल्याशिवाय जाऊच शकत नाही. मग त्या १० ऑर्डरमधून मालाचा खर्च वजा जाता जे उरतं त्यात महिन्याचा ठरलेला खर्च निघून वर काही राहतं का बघा. नाही राहिलं तर आयडिया कितीही भारी असो, तुमच्यासाठी नाही. मेणबत्त्या इथेच गळतात बघा, एकेक हाताने ओतायची, आणि किंमत कारखान्यातल्या मेणबत्तीशी लावली जाणार.

विचारात_पडलेला

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. काका, नोकरीचं मुद्दाम नाही गाळलं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. मी एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. माल पॅक करून घेणं, लेबल, कुरियरच्या गाड्या लावणं, रिटर्न आलेला माल बघणं. रोज तेच. त्यातून कसला धंदा निघणार? फार तर एवढं सांगू शकतो की बॉक्स हातात घेऊन हलवला की आतलं फुटणार का नाही ते मला न उघडता कळतं.

रिकामटेकडी

अहो मग एवढं शोधताय कशाला! ही शेवटची ओळ तुम्ही सहज लिहिलीत, आणि सगळ्यात कामाची तीच आहे.

माणसाला स्वतःचं रोजचं काम दिसत नाही. ते टायपिंगचं व्हाइटनर असतं ना, ते बनवणारी बेट ग्रॅहम ही डॅलसमधल्या एका बँकेत सेक्रेटरी होती. नवीन इलेक्ट्रिक टाइपरायटर आले, त्यांच्या रिबनची शाई खोडरबराने नीट निघेना, एका चुकीसाठी आख्खं पान परत. ती जोडीला काचेवर चित्र रंगवायची कामं करायची, तिथे चित्रकार चूक पुसत नाहीत, वरून रंग मारतात, हे तिने बघितलेलं. मग पांढरा पाण्याचा रंग छोट्या बाटलीत घालून, ब्रश घेऊन ऑफिसला गेली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, शेजारच्या टेबलवरच्या बायका मला पण दे, मला पण दे म्हणायला लागल्या, तेव्हा कुठे १९५६ मध्ये ती बाटल्या भरून विकायला लागली. १९७९ ला जिलेट कंपनीने तो सगळा धंदा विकत घेतला. सुरुवात मात्र 'मला पण दे' पासून.

तर प्रश्न असा, तुमच्या गोडाऊनच्या बाहेर कोण आहे ज्याला पॅकिंग येत नाही पण करावं लागतं?

विचारात_पडलेला

हे रात्री वाचलं आणि झोप उडाली राव. घरून वस्तू बनवून ऑनलाइन विकणारे कितीतरी लोक आहेत, मातीच्या वस्तू, दिवे, काचेच्या फ्रेम. त्यांचे बॉक्स आमच्याच गाडीत चढताना बघतो आणि पोटात गोळा येतो, मोठ्या बॉक्समध्ये मधोमध वस्तू आणि आजूबाजूला थोडे वर्तमानपत्राचे बोळे, टेप पण एकच पट्टी मारलेली. ती टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर अशी एच आकारात मारायची असते नाहीतर खालून तळ उघडतो. फुटायच्या वस्तूभोवती सगळ्या बाजूंनी साधारण ५ सेंटिमीटर भरीव जागा पाहिजे, आणि भरीव म्हणजे हलवल्यावर काही सरकायला नको. मी यांना पॅकिंग करून दिलं तर? फुटणं बंद होईल. चालेल का हो हे?

हिशोबी

चालेल का हे आम्हाला विचारू नका, त्यांना विचारा. पण 'मी अशी सर्व्हिस काढली तर घ्याल का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील, हो म्हणायला पैसे पडत नाहीत. मागच्या आठवड्यात काय झालं ते विचारा. शेवटचं पार्सल कधी पाठवलं, पॅक करायला किती वेळ लागला, बॉक्स कुठून आणला, शेवटचं कधी फुटलं आणि तेव्हा काय केलंत, त्यावर आधीच काही खर्च करून बघितलाय का. ज्याने त्रास कमी करायला आधीच खिशात हात घातलाय तो तुमचा गिऱ्हाईक. नुसतं 'हो ना, फार त्रास होतो' म्हणणारा नाही. आणि शक्यतो ते पॅक करत असताना समोर बसा.

खडूस_काका

जायच्या आधी नोकरीचा करार काढून वाचा, बाहेर काम करायला बंदी आहे का. आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांची यादी, नंबर, गोडाऊनमधला टेपचा एक रोल सुद्धा वापरायचा नाही. रोल छोटा असतो, पण त्यावरून माणसं नोकरी घालवून बसतात.

विचारात_पडलेला

उशीर झाला लिहायला, पण बऱ्यापैकी फिरून आलोय. करार वाचला, बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागते, साहेबांशी बोललो, कंपनीची गिऱ्हाइकं सोडून काय ते कर म्हणाले, मेलवर लिहून पण दिलं. कंपनीची यादी नाही वापरली, ओळखीतून ओळखी काढल्या.

तर झालं असं की माझी आयडिया सरळ आपटली. एक ताई दिवे बनवतात, त्यांच्यासमोर बसलो, फुटतं का हो विचारलं तर म्हणाल्या क्वचित, फुटलं तर दुसरा पाठवते, त्याचं मी किमतीत धरलेलंच आहे. पॅकिंग मी करून देऊ का म्हटल्यावर पण फार उत्साह नाही, माल दुसऱ्याच्या हातात द्यायला नको वाटतं म्हणाल्या. मी निघायच्या बेतात होतो तेवढ्यात त्या कुरियरच्या बिलावर सुरू झाल्या. दिवा सगळा मिळून ३ किलोचा आणि बिल लागतं १२ किलोचं! आता हे मला रोज दिसतं पण त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. कुरियरवाले बॉक्सची लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला भागतात, बऱ्याच ठिकाणी ५००० ने, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर तेच लावतात. त्यांचा बॉक्स होता ५० बाय ४० बाय ३०, म्हणजे ६०,००० भागिले ५०००, १२ किलो. तिथल्या तिथे मोजायची टेप लावून मोजलं, सगळीकडून ५ सेंटिमीटर सोडून सुद्धा दिवा ४० बाय ३० बाय २५ मध्ये बसतो, म्हणजे ३०,००० भागिले ५०००, ६ किलो. निम्मं! त्या माझ्याकडे बघतच बसल्या. मग म्हणाल्या असा बॉक्स मिळवून द्या, आत्ता पैसे देते.

बाकीच्यांकडे पण थोड्याफार फरकाने हेच. मिळेल तो बॉक्स वापरतात, कारण मापाचा बॉक्स बनवणारा कारखाना थोडे नग देत नाही, एका मापाचे शेकड्याने घ्या म्हणतो, आणि यांना महिन्याला वीस पंचवीस लागतात, ठेवायला जागा नाही.

आता मी विचार करतोय की छोटासा गाळा भाड्याने घ्यावा, चार पाच मापांचे बॉक्स एकदम करून घ्यावेत आणि यांना दहा वीसच्या गठ्ठ्याने विकावेत. घ्यावा का गाळा?

रिकामटेकडी

'आत्ता पैसे देते' !!! ताईंना माझा नमस्कार सांगा.

सुईदोरा

गाळा कशाला लगेच, बॉक्स सपाट घडी होऊन येतात ना? पलंगाखाली मावतील. आणि पहिल्या ताईंसाठी नवीन बॉक्स तरी कशाला, कापड मोठं असलं की आपण कापून घेतो तसं पुठ्ठ्याचं होत नाही का?

विचारात_पडलेला

होतं होतं, आम्ही रोज करतो. चारी कोपरे वरून हव्या त्या उंचीपर्यंत उभे कापायचे, पट्टीने आतून दाबून घडीची रेघ पाडायची आणि वरचा भाग आत मोडायचा, उंची कमी. पण लांबी रुंदी अशी कमी होत नाही. त्यांच्याच बॉक्सची उंची ३० ची २५ केली तर दिवा आडवा बसतो बहुतेक, आणि वजन १२ वरून १० वर येतं. हे उद्याच करून देऊ शकतो, एक पैसा न घालता.

हिशोबी

मग उद्या तेच करा, आणि फुकट करू नका. थोडे का होईना घ्या, नाहीतर कधीच कळणार नाही की त्यांना बॉक्स हवाय का तुमची मदत आवडली.

गाळा नको. आधी प्रत्येकाची मापं लिहून घ्या आणि जवळजवळची मापं एकत्र करा, एकाला ४० हवंय आणि दुसऱ्याला ३८ तर दोघांना ४० चालेल. माझा अंदाज आहे सगळ्यांचं मिळून दोन मापांत काम भागेल, पाच लागणार नाहीत. मग त्या एका मापाची कारखान्याची कमीत कमी ऑर्डर भरेल एवढ्या लोकांकडून अर्धे पैसे आगाऊ घ्या. भरली तर ऑर्डर द्या, नाही भरली तर पैसे परत. वजनाप्रमाणे पुठ्ठा तीन प्लाय (थरांचा) का पाच प्लाय ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. किंमत ठरवताना बॉक्सच्या किमतीवर टक्के लावत बसू नका, त्यांचं कुरियरचं किती वाचतंय ते बघा आणि त्यातला हिस्सा मागा.

कुरियर कंपनीनुसार भागायचा आकडा बदलतो, तो प्रत्येकाच्या बिलावरून तपासा, कोणाला तरी निम्मं होईल सांगाल आणि होणार नाही.

खडूस_काका

पलंगाखाली ठेवा पण जमिनीला टेकवून नको, खाली फळ्या टाका. पुठ्ठा ओल धरतो आणि दिसायला तसाच दिसतो, वर वजन आलं की बसतो. आणि उधारी नाही म्हणजे नाही, ताईंना पण नाही.

विचारात_पडलेला

काका, फळ्या आहेत. ताईंकडे उद्या संध्याकाळी सातला जातोय, कटर आणि पट्टी स्वतःची घेतली आजच. मापांची यादी झाली की इथे टाकतो, हिशोबी तुम्ही जरा बघा.